हिंडणाऱ्याचं बिल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून अलीकडच्या काळात सगळ्यात जास्त हिंडलेला गृहस्थ म्हणजे एक वाघ. जन्म टिपेश्वर अभयारण्यातला. वनखात्याच्या दप्तरी नाव टी१सी१, वर्तमानपत्रांत 'वॉकर'. २०१९च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर पडली. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने पांढरकवड्याचं रान सोडलं, तेलंगणात डोकावून आला, मग महाराष्ट्राचे जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. २०२०च्या एप्रिलमध्ये कॉलर काढली, तोवर त्याचं चालणं तीन हजार किलोमीटरच्या घरात गेलं होतं.  

एवढं तो का चालला, याचं अभ्यासकांनी दिलेलं उत्तर साधं आहे. त्याला स्वतःची जागा हवी होती, पुरेसं खाणं हवं होतं आणि जमल्यास जोडीदार. यवतमाळची पोरं पुण्याला जातात ती नेमकी याच तीन गोष्टींसाठी. फरक इतकाच की त्यांच्या गळ्यात पट्टा कंपनी घालते आणि त्यावर फोटो असतो.

मला मात्र हा वाघ नोकरदार वाटत नाही, तो आमच्या धंद्यातला आहे. साहेब नाही, ठरलेली जागा नाही, मिळेल तेव्हा खायचं. रात्रभर चालायचं आणि दिवसा कुणाच्या तरी शेताच्या कडेला झुडपात पडून राहायचं. इतका मोकळा, आणि तरीही कॉलर होती तोवर तो नेमका कुठे आहे हे वर उपग्रहाला आणि खाली कार्यालयाला ठाऊक. फ्रीलान्सरच्या आयुष्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

मी लिहिण्याची कामं करतो. भाषांतरं, जाहिरातींचा मजकूर, माहितीपटाचं निवेदन, कुणाच्या सहकारी संस्थेची स्मरणिका, असं जे येईल ते. आणि बूड एका जागी टेकत नाही म्हणून जिल्हाभर हिंडतो. पायाला भिंगरी आणि पोटाला भाकरी, दोन्ही हवं असणाऱ्यांचा हा धंदा. ऐकायला झकास वाटतो. अडचण अशी की भिंगरी जिथे नेते तिथे रेंज नसते, आणि भाकरी जिथून येते तिथून फोन येतो.

"कुठे आहात?"

"आर्णीला."

"आर्णी कुठे आलं?"

"यवतमाळहून नांदेडकडे जाताना."

"वा! एन्जॉय! पण ते दुसऱ्या परिच्छेदाचं तेवढं तासाभरात होईल ना?"

पलीकडच्या माणसाची कल्पना अशी असते की मी कुठल्याशा डोंगरमाथ्यावर हिरवळीत बसलो आहे. मी बसलेलो असतो आर्णीच्या बसस्टँडवर, एका बाजूला कांद्याचं पोतं आणि दुसऱ्या बाजूला पोत्याची मालकीण.

या जीवनशैलीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. समुद्र, झोपाळा, शहाळं आणि मांडीवर लॅपटॉप. ज्याने उघड्यावर एक ओळ जरी टाइप केली आहे त्याला माहीत आहे की पडद्यावर ऊन पडलं की अक्षरं दिसत नाहीत, फक्त स्वतःचं तोंड दिसतं. यवतमाळला समुद्र नाही, पण ऊन मुबलक. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. लॅपटॉपचा पंखा आणि खोलीतला कूलर यांची जुगलबंदी रंगते आणि दोघंही समेवर एकदमच बंद पडतात, कारण लाइन जाते. त्यातून ज्यांनी २०१८चा उन्हाळा यवतमाळ शहरात काढला, निळोणा आणि चापडोहची धरणं आटलेली पाहिली, त्यांचा कूलरच्या टाकीत बादली रिकामी करताना अजून हात आखडतो.

म्हणून मग एसटी. वाघ पाणवठ्यावर येणारच, हे गृहीत धरून वनखातं तिथे कॅमेरा लावतं. फ्रीलान्सरची गणना करायची असेल तर बसस्टँडच्या चार्जिंग पॉइंटवर लावावा.

एसटी महामंडळाची एक योजना आहे, 'आवडेल तेथे प्रवास'. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हवं तिथे फिरायचं. सरकारी मंडळाने कुठल्याही कागदाला दिलेलं इतकं काव्यमय नाव दुसरं सापडणार नाही. कवीने लिहावं आणि वर तिकिटाचा दर छापावा, असं. पण या योजनेचा खरा उपभोग घेतात ते पास न काढणारे. २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून आमच्यासारख्या मधल्या वयाच्या पुरुषाला लालपरीत वेगळाच मान आहे. पूर्ण पैसे मोजणारा तो एकटाच असतो. कंडक्टर त्याच्याकडे फार मायेने पाहतो.

दारव्ह्याच्या गाडीत शेजारी एक आजोबा होते. पांढरं धोतर, खिशात आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

"कुठं चालले, आजोबा?"

"दारव्हा. काल दिग्रस झालं. उद्या नेर पाह्यतो."

"काही काम काढलं होतं का?"

आजोबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "काम असतं त कायले फिरलो असतो बाप्पा?"

काम आणि भटकंती यांचा मेळ कसा घालावा, यावर परदेशात जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. त्या सगळ्यांचं काम आजोबांनी एका वाक्यात करून टाकलं आणि दारव्हा येईपर्यंत झोपले. मी लॅपटॉप उघडून दुसऱ्या परिच्छेदाचं पाहत बसलो.

लोकांना या धंद्याची उकल होत नाही, यात लोकांचा दोष नाही. एका लग्नघरी मी मांडवाच्या कडेला बसून भाषांतर उरकत होतो. नात्यातल्या मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"काम भेटलं का रे तुले?"

"हे काय, चालूच आहे मावशी. यातच."

त्यांनी लॅपटॉपकडे मागून-पुढून पाहिलं. "थे त दिसते. पन काम?"

त्यांच्या हिशेबात काम म्हणजे माणूस सकाळी कुठेतरी जातो आणि संध्याकाळी वैतागून परत येतो ते. मी सकाळीही घरी वैतागलेला असतो, म्हणजे कामाचा पुरावाच उरत नाही.

धंदा चटकन समजला तो एका कापूसवाल्याला. राळेगावच्या बाजूला कापूस खरेदीच्या वेळी गाड्यांची रांग लागलेली असते. थंडीचे दिवस, गाडीच्या सावलीला बसलेले लोक, रांग हलायचं नाव घेत नाही. त्या रांगेतल्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, "तुमी कायचं काम करता जी?"

"लिहितो. कंपन्यांसाठी."

"भाव कोन ठरवते?"

"तेच."

"माल पाहून?"

"पाहून. कधी न पाहता."

"अन् पैसे?"

"नव्वद दिवसांनी म्हणतात."

तो एकदम सरसावून बसला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याला माझ्यात आपला माणूस दिसला असावा. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत भाव कापून, आणि बाराच्या वर गेला तर गाडी परत. तो म्हणाला, "आमच्या मालात ओलावा जास्त हाये मनते. तुमच्यात काय खोट काढते?"

"मजकूर कोरडा झालाय म्हणतात."

"मंग झालं त! दोघाचा एकत्र करून देऊ."

हा सौदा झाला नाही, याची मला अजून हळहळ आहे. एक गोष्ट मात्र खरी. त्याच्या वाट पाहण्याच्या पाठीमागे कर्ज असतं, मुलीची फी असते, पुढची पेरणी असते. माझ्या नव्वद दिवसांच्या पाठीमागे फार तर फोनचा हप्ता असतो. यवतमाळ जिल्ह्यात बसून फ्रीलान्सरने आपल्या हालांचा पाढा वाचायचा असेल तर तो हळू आवाजात वाचावा.

एकाच माणसाने सगळी खाती सांभाळायची, ही आमच्या धंद्याची दुसरी खूण. कारागीर मीच, वसुली अधिकारी मीच, शिपाईही मीच. याचाही नमुना जिल्ह्यात होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी नॅरोगेजची शकुंतला. ११३ किलोमीटरचं अंतर ती चार तासांहून अधिक वेळ घेऊन कापायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून इंग्रजांच्या काळात हा रूळ पडला आणि गाडी ओढायला १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं वाफेचं इंजिन आलं. ते १९२३ला रुजू झालं आणि १९९४ला निवृत्त. इतकी सलग नोकरी आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही. शेवटच्या काळात गाडीवरची मोजकी माणसंच इंजिन जोडायची, सोडायची, सिग्नल द्यायची आणि तिकिटंही फाडायची. जिल्ह्यातला पहिला संपूर्ण फ्रीलान्स उपक्रम म्हणून तिचा सत्कार व्हायला हवा होता. तो व्हायच्या आधीच ती बंद पडली, हेही रीतीला धरूनच झालं.

शकुंतलेची आणखी एक गोष्ट लेखकमंडळींच्या काळजाला भिडणारी आहे. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही लाइन खासगी कंपनीच्या नावावर राहून गेली आणि करारानुसार तिचा मोबदला रेल्वेने कंपनीला द्यायचा होता. म्हणजे रूळ एकदा टाकायचा आणि नंतर बसून पैसे घ्यायचे. यालाच रॉयल्टी म्हणतात. मराठी लेखकाने ही कल्पना रेल्वेच्या बाबतीत का होईना, जवळून पाहिली.

पण हा जिल्हा हिंडणाऱ्यांचा आहे तो वाघाच्या आणि रेल्वेच्याही कितीतरी आधीपासून. पुसद-दिग्रसच्या बाजूला तांड्यांवर जा. बंजारा समाज लमाण म्हणून बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचा. मोठमोठ्या फौजांचं पोट या तांड्यांच्या भरवशावर चालायचं. फौजेला धान्य पुरवायचं पण फौजेत भरती व्हायचं नाही, याला आजच्या भाषेत स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. तांडे गावांशेजारी स्थिरावले. अशाच गहुली गावातून वसंतराव नाईक आले आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. इतका सलग काळ त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कायमचा मुक्काम ठाऊक नव्हता त्यांच्यातल्या माणसाने बसण्याचा विक्रम करावा आणि सातबारावर पिढ्यान्‌पिढ्या नाव असलेल्यांच्या खुर्च्या सहा-सहा महिन्यांत हलाव्यात, ही गंमत महाराष्ट्राच्या राजकारणालाच सुचू शकते.

आमच्या धंद्याचे खरे पूर्वज मात्र प्रधान. गोंडांच्या वंशावळी, देवांच्या आणि राजांच्या कथा 'बाणा' या वाद्याच्या तारांवर गाणारे हे पिढीजात गायक. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणीच्या पट्ट्यात हा समाज मोठा आहे. आजची त्यांची पोरं शिकून नोकऱ्यांत आणि धंद्यांत शिरली, पण जुनी पद्धत पाहण्यासारखी होती. प्रधान कुठेही मन मानेल तिथे जात नसे. त्याची यजमान घरं बापाकडून आलेली, ठरलेली. त्या घरी सुगी झाली, कार्य निघालं, कुणी गेलं, की त्याने जायचं, गायचं आणि यजमानाने धान्य, कापड, ऐपत असेल तर जनावर द्यायचं. गाण्याचा नमुना आधी पाठवा, आवडला तर बघू, असं यजमान म्हणत नसे. त्याच्या सात पिढ्यांची नावं ज्याच्या तोंडी आहेत त्याच्याशी घासाघीस करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. ग्राहकाच्या खापरपणजोबाचं नाव पाठ असणं हा वसुलीचा सर्वोत्तम मार्ग आहे, आणि तो कुठल्याही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात नाही.

बहुरूप्याचा मार्ग वेगळा. तो फौजदाराच्या वेषात दारात उभा राहायचा, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणून दम भरायचा आणि घरातली पोरं रडायच्या बेताला आली की हसून हात पुढे करायचा. आधी काम, लगेच दाम आणि वसुलीची धमकी त्या कामाचाच भाग. इतका आटोपशीर व्यवहार मला साधता आला असता तर मी लेखनाऐवजी खाकी गणवेश शिवून घेतला असता.

आणि अगदी अलीकडचे म्हणजे यवतमाळचे कवी शंकर बडे. 'बॅरिस्टर गुलब्या' हा वऱ्हाडी बोलीतला एकपात्री प्रयोग घेऊन त्यांनी गावं पालथी घातली. एकपात्री ही फ्रीलान्सरने काढलेली सगळ्यात शहाणी युक्ती. नट रुसत नाही, नटीची गाडी चुकत नाही आणि मानधनाची वाटणी होत नाही. २०१६ साली ते गेले, पण वऱ्हाडी माणूस अजून त्यांचं नाव निघालं की आधी हसतो आणि मग बोलतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. यातलं कुणीही वाट फुटेल तिकडे जात नव्हतं. लमाणांची वाट ठरलेली, पावसाळ्यात तांडा मुक्कामाला. प्रधानाची घरं ठरलेली. बहुरूपी खळं झाल्यावरच गावात यायचा, कारण घरात दाणा असतानाच दान मिळतं. आम्ही ज्याला मोकळं फिरणं म्हणतो ते यांच्या दृष्टीने वाट चुकणं झालं असतं. त्यांनी मेळ घालायचा प्रश्न कधी सोडवला नाही, कारण त्यांना तो पडलाच नाही. काम ज्या रस्त्यावर होतं त्याच रस्त्यावर ते हिंडत होते. आमचं काम एका रस्त्यावर असतं, हौस दुसऱ्या, आणि आम्ही तिसऱ्याच गावच्या बसस्टँडवर चार्जर शोधत असतो.

हा हिशेब लक्षात आल्यापासून मी देश पाहण्याचा बेत पुढे ढकलून जिल्हा पाहायला घेतला आहे. सोळा तालुके आहेत, आणि ते एका जिल्ह्यात आहेत हे फक्त नकाशाच म्हणतो. वणीच्या माणसाचं तोंड चंद्रपूरकडे, उमरखेडच्या माणसाचं नांदेडकडे, आणि दोघांचीही गाठ पडते ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायरीवर. वणीत कोळशाची धूळ, पुसदला ऊस, राळेगावला कापूस, पांढरकवड्याला वाघ. एवढ्यात माणसाची एक जन्माची भटकंती होते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ठिकाणी मुक्कामाला एक मावशी असते.

नव्याने या धंद्यात पडणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात आहे. दहा-बारा यजमान धरा आणि त्यांना सोडू नका. अर्धे पैसे आधी घ्या. मे महिन्यात हिंडू नका, पावसाळ्यात काळ्या मातीत शिरू नका. दिवाळीनंतर बाहेर पडा, हवा बरी असते आणि लोकांच्या हातात पैसा असतो. मुक्कामाच्या घरी लॅपटॉप उघडण्याआधी चहा घ्या. आणि घरी परतायची तारीख घरच्यांना सांगून निघा, कारण कॉलर वाघाला असते, तुम्हाला नाही.

यजमानांना मात्र विनंती आहे. तुमच्या टेबलावर अशा एखाद्या हिंडणाऱ्याचं बिल पडून असेल तर ते आजच काढा. प्रधानाला धान्य मोजताना कुठल्या गोंड यजमानाने 'फाइल अकाउंट्सला पाठवली आहे' असं म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.